इंडिकेटरच्या तालावर हलणारा काटा : मोटरसायकलच्या मीटरच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

गाडी मित्राची. दोन सिलिंडर, कार्ब्युरेटर, पाण्याने थंड होणारं इंजिन आणि जुन्या पद्धतीचं काट्यांचं मीटर. स्पीडोमीटर केबलवर चालतो, त्यामुळे तो या भानगडीच्या बाहेर. आरपीएम, पेट्रोल आणि तापमान हे तीन काटे विजेवरचे. शिवाय न्यूट्रल, ऑइल, हाय बीम आणि इंडिकेटर असे चार दिवे.

तक्रारी त्याच्याच शब्दांत लिहून घेतल्या. "इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा नाचतो. रात्री मीटर नीट दिसत नाही. गाडी तापली की आरपीएम मधेच झोपतो. आणि हो, क्लच दाबला की न्यूट्रलचा दिवा लागतो, गिअरमध्ये असली तरी."

शेवटची तक्रार त्याने जाता जाता सांगितली. माझ्या कागदावर ती सगळ्यात वर आहे. बाकीच्या तिन्ही त्रासदायक आहेत, ही घातक आहे. दिव्यावर विश्वास ठेवून क्लच सोडणारा माणूस पुढच्या गाडीवर जाऊन आदळेल.

त्याला कुणीतरी आख्खं मीटर बदलायला सांगितलं होतं. चारही तक्रारी मीटरवर दिसतात, म्हणजे दोष मीटरमध्ये, असा तो हिशोब. मीटर हे फक्त तारांची टोकं जिथे येतात ते ठिकाण आहे. दोष त्या तारांच्या वाटेत कुठेही असू शकतो.

आज फक्त बॅटरी आणि चार्जिंग तपासलं. रात्रभर चार्ज करून, मग काही तास नुसती ठेवून बॅटरी १२.७ व्होल्ट. चावी आणि हेडलाइट चालू केल्यावर १२.२. इंजिन आयडलिंगला १३.३, पाच हजार आरपीएमला १४.३. म्हणजे वीज तयार करणारी मॅग्नेट कॉइल आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर दोन्ही ठीक. हे आधी करायचं कारण सोपं आहे: पुढची सगळी मापं या आकड्यांशी ताडायची आहेत. शिवाय रेग्युलेटर बिघडला आणि व्होल्टेज १५-१६ च्या वर गेलं तर मीटरचे बल्ब पटापट उडतात, आणि मग माणूस बल्बच बदलत बसतो.

तारांचे रंग मी या नोंदीत लिहिणार नाही. होंडात अर्थची, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जाणारी, तार हिरवी, यामाहात काळी, सुझुकीत काळी-पांढरी, कावासाकीत काळी-पिवळी. एका गाडीचे रंग दुसरीला लावले की गोंधळ ठरलेला. आपल्या गाडीची वायरिंगची आकृती समोर ठेवूनच हात घालावा.

५ जानेवारी, रविवार

न्यूट्रलचा दिवा.

या दिव्याला प्लस चावीतून मिळतो आणि त्याचं दुसरं टोक गिअरबॉक्सवरच्या न्यूट्रल स्विचकडे जातं. न्यूट्रलमध्ये तो स्विच ती तार इंजिनाच्या अंगाला, म्हणजे अर्थला टेकवतो आणि दिवा लागतो. एवढंच असतं तर क्लचचा संबंध यायचं कारण नव्हतं. संबंध येतो तो स्टार्टरमुळे. गाडी एक तर न्यूट्रलमध्ये असताना सुरू व्हावी किंवा क्लच दाबल्यावर, म्हणून स्टार्टर रिलेच्या कॉइलची अर्थची बाजू दोन वाटांनी नेलेली असते: एक क्लचच्या स्विचमधून, दुसरी एका डायोडमधून न्यूट्रल स्विचकडे. डायोडचं काम असं की रिलेचा करंट न्यूट्रल स्विचकडे जाऊ द्यायचा, पण न्यूट्रलच्या दिव्याचा करंट उलटा क्लचच्या स्विचकडे येऊ द्यायचा नाही.

हा डायोड शॉर्ट झाला की क्लच दाबताच दिव्याला अर्थ मिळतो. गिअर कुठलाही असो, दिवा लागतो. उलट डायोड तुटला, म्हणजे ओपन झाला, तर गाडी न्यूट्रलमध्ये स्टार्ट घेत नाही, क्लच दाबल्यावरच घेते. दोन्ही लक्षणं इतकी वेगळी आहेत की मल्टिमीटर न लावताही निदान होतं. लावला मात्र. डायोडच्या खुणेवर ठेवून एका दिशेने ०.५ ते ०.७ च्या आसपास आकडा यायला हवा आणि उलट दिशेने काहीच नाही. इथे दोन्ही बाजूंनी ०.००.

सीटखालचा मूळचा प्लगमध्ये बसणारा डायोड गायबच आहे. त्याच्या जागी कुणीतरी दोन तारा कापून एक छोटा काळा डायोड सोल्डर केलाय आणि वर टेप गुंडाळलीय. नंबर वाचता आला: १एन४००७. डायोड चांगला आहे, कामही चोख करतो, पण तो एक अँपिअरचा. स्टार्टर रिलेची कॉइल मोजली तर ४ ओहम. बारा व्होल्टला तीन अँपिअर होतात. दर वेळी न्यूट्रलमध्ये बटन दाबलं की हे तीन अँपिअर त्या बिचाऱ्यातून जात होते. किती दिवस टिकला हेच नवल.

तीन अँपिअरचा १एन५४०४ बसवला. पट्टी असलेलं टोक न्यूट्रल स्विचकडे. जाड पायांचा असल्याने तो नुसता लोंबकळत ठेवला नाही, प्लास्टिकच्या पट्टीवर बांधून वर तापवल्यावर आवळणारी नळी (श्रिंक ट्यूब) चढवली. आता गिअरमध्ये क्लच दाबला की दिवा लागत नाही. न्यूट्रलमध्ये क्लच न दाबता स्टार्ट होते, गिअरमध्ये क्लच दाबून होते, गिअरमध्ये क्लच न दाबता होत नाही. चारही तपासण्या केल्या. शेवटची विसरायची नाही.

११ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस पेट्रोलच्या काट्याचा.

इंजिन चालवून कोमट केलं आणि बंद केलं. चावी चालू, हेडलाइट चालू, बॅटरीला चार्जर लावलेला. डावा इंडिकेटर दिला. दिवा पेटला की पेट्रोलचा काटा भरलेल्या बाजूला सरकतो, विझला की मागे येतो. नीट पाहिलं तर तापमानाचा काटाही त्याच क्षणी गरम बाजूला किंचित उचलतो. मित्राने हे कधी पाहिलंच नव्हतं.

मल्टिमीटर हातात घेण्याआधी इथे थोडं थांबावं, कारण काटा कुठल्या दिशेला हलतो यातच अर्धं निदान आहे.

काट्यांचे गेज मुख्यतः दोन प्रकारचे. एकात दोन धातूंची जोडपट्टी असते. करंटने ती तापते, वाकते आणि काटा ढकलते. ही पट्टी सुस्त असते, चावी चालू केल्यावर काटा सावकाश वर चढतो. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. त्या वेगाला जोडपट्टीचा काटा दाद देत नाही. म्हणजे आपला गेज दुसऱ्या प्रकारचा: एकमेकींना काटकोनात गुंडाळलेल्या दोन कॉइल आणि मधे काट्याला जोडलेलं चुंबक. पहिली कॉइल प्लसपासून सेन्सरच्या तारेपर्यंत, दुसरी त्या तारेपासून मीटरच्या अर्थपर्यंत. टाकीतल्या सेन्सरचा अवरोध कमी झाला की पहिलीतला करंट वाढतो, दुसरीतला घटतो आणि काटा 'एफ'कडे वळतो.

या रचनेची खुबी अशी की काटा दोन करंटांचं गुणोत्तर दाखवतो. बॅटरीचं व्होल्टेज एका व्होल्टने पडलं तर दोन्ही करंट सारख्याच प्रमाणात घटतात आणि काटा जागचा हलत नाही. त्यामुळे "इंडिकेटर बॅटरी खेचतो म्हणून काटा हलतो" हे नेहमीचं स्पष्टीकरण इथे लागूच पडत नाही. काटा वर जायला दुसऱ्या कॉइलचाच करंट तेवढा कमी व्हायला हवा. तो कधी होईल? मीटरची अर्थ खऱ्या अर्थपेक्षा वर उचलली गेली आणि टाकीतल्या सेन्सरची अर्थ मात्र जागेवर राहिली तर. सेन्सरची अर्थ वेगळ्या तारेने फ्रेमला जाते, तापमानाच्या सेन्सरची इंजिनाच्या अंगातून. दोन्ही काटे एकाच दिशेने उचलतात, म्हणजे दोघांमध्ये सामाईक असलेली मीटरची अर्थच वर-खाली होते आहे.

आता मल्टिमीटर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि तोही बोल्टवर न ठेवता शिशाच्या खांबावर. लाल प्रोब मीटरच्या कपलरच्या (तारा जोडणाऱ्या प्लगच्या) मागून अर्थच्या पिनला. कपलर जोडलेलाच ठेवायचा, कारण करंट वाहत असतानाच मोजायचं आहे.

चावी चालू, हेडलाइट बंद: ०.१५ व्होल्ट. हेडलाइट चालू: १.२. वर इंडिकेटर: १.२ आणि १.६ च्या मध्ये झोके.

अर्थच्या वाटेत एवढा लोड असताना ०.१ च्या आत असावं, फार तर ०.२. इथे सव्वा व्होल्ट उभे आहेत. समोरचा इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आसपास. त्याने ०.४ व्होल्टची भर पडते, म्हणून वाटेत कुठेतरी पाव ओहम बसलाय.

हीच तार कपलर काढून कंटिन्युइटीवर (तार सलग आहे का हे पाहणाऱ्या खुणेवर) तपासली तर मल्टिमीटर खणखणीत बीप देतो. देणारच. बहुतेक मल्टिमीटर तीसेक ओहमच्या खाली काहीही सापडलं की वाजतात, आणि तपासण्यासाठी सोडतात एखादा मिलिअँपिअर. दहा-बारा धाग्यांतला एकच धागा जोडलेला असला तरी बीप येतो. ओहमच्या रेंजवरही भागत नाही, कारण प्रोबच्या तारांचाच अवरोध ०.२-०.३ ओहम असतो; शोधायचा आकडा त्यातच बुडतो. गाडीच्या वायरिंगमध्ये "बीप आला, तार ठीक आहे" या वाक्याने जितकी मीटरं विनाकारण बदलली गेली असतील, तितकी दुसऱ्या कशाने नसतील.

शोध सोपा होता. काळा प्रोब तिथेच, लाल प्रोब अर्थच्या वाटेने मीटरपासून मागे मागे न्यायचा. मीटरच्या पिनला १.२. हेडलाइटच्या भांड्यात ती तार जिथे सांध्यात शिरते तिथेही जवळजवळ १.२, म्हणजे तार निर्दोष. सांध्यातून बाहेर पडणाऱ्या तारेवर ०.०६. मधला सांधाच दोषी.

टेप सोडवली. मीटर, हेडलाइट, समोरचे दोन्ही इंडिकेटर आणि मागे जाणारी तार, अशा पाच तारा एका पितळी क्लिपमध्ये दाबलेल्या. मागे जाणाऱ्या तारेचं इन्शुलेशन तपकिरी, कडक, नखाने तुकडे पडतील असं. क्लिपवर हिरवट पूड. हेडलाइट आणि इंडिकेटर मिळून साडेसहा अँपिअर, त्यावर १.६ व्होल्ट, म्हणजे दहा वॅटहून अधिक उष्णता या चिमूटभर जागेत. बारीक सोल्डरिंग आयर्नच म्हणायचं. सांधा तापतो, तापल्याने आणखी काळवंडतो, काळवंडल्याने अवरोध वाढतो, मग आणखी तापतो. हा दोष आपोआप कधीच बरा होत नाही.

१२ जानेवारी, रविवार

सांधा कापून टाकला. तारा मागे सोलत गेलो, तांबं लाल-चकचकीत दिसेपर्यंत. काळं पडलेलं तांबं सोल्डर धरत नाही आणि क्रिंपमध्येही (पकडीने दाबून केलेल्या जोडातही) पुन्हा तेच दुखणं सुरू करतं. पाच तारांपैकी चौघींना लांबी पुरली, एकीला जोड द्यावा लागला.

सोल्डर की क्रिंप, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत: तार हलत नसेल तर दोन्ही चालतात, हलत असेल तर क्रिंप. सोल्डर धाग्यांमधून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे तार अचानक ताठ होते. हँडल वळताना ती नेमकी त्या रेषेवर मोडते. हेडलाइटच्या भांड्यातल्या तारा हँडलबरोबर फिरतात, पण भांड्याच्या आतला सांधा स्वतः वाकत नाही. तरी क्रिंपच केलं, योग्य मापाच्या पकडीने, आणि वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब.

मागे जाणाऱ्या मूळच्या तारेला समांतर एक नवीन २.५ चौरस मिमीची तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. तांब्याच्या अशा तारेचा अवरोध एक मीटर लांबीला ७ मिलिओहम, दीड मीटर लांबीला ११ च्या आत-बाहेर. टी-स्टेमजवळ, म्हणजे हँडल ज्या दांड्यावर फिरतं तिथे, ती ताणून बांधली नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून सैल पडेल एवढी ढील ठेवून मगच टाय लावले.

पुन्हा तेच माप. हेडलाइट आणि इंडिकेटर चालू: ०.०५ व्होल्ट. काटे दगडासारखे स्थिर.

प्लसची बाजूही बघितली. बॅटरीच्या प्लसपासून मीटरच्या प्लस पिनपर्यंत ०.४ व्होल्ट, बहुतेक सगळे इग्निशन स्विचवर. जुन्या स्विचला एवढं चालतं, सोडून दिलं.

मीटरचे दिवेही सुधारले. आधी त्यांच्यापर्यंत ११ व्होल्ट पोचत होते, आता १२ च्या वर. फरक एका व्होल्टचा, पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ साडेतीनाव्या घाताने बदलतो. म्हणून एवढ्याशा घसरणीत पाव भागाहून जास्त उजेड गेला होता. एका बल्बची काच आतून काळी झाली होती, तो बदलला. दोन तक्रारी एका सांध्याने मिटल्या.

१९ जानेवारी, रविवार

आरपीएमचा काटा अजून झोपतो. अर्थ दुरुस्त झाल्यावर तोही सुधारेल असं मित्राला वाटत होतं. मलाही वाटलं असतं तर बरं झालं असतं, पण लक्षण वेगळं होतं: हा काटा लोडबरोबर हलत नाही, उष्णतेने पडतो.

याला तीन तारा: प्लस, अर्थ, सिग्नल. सिग्नल इग्निशन कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीच्या निगेटिव्ह बाजूकडून येतो. ठिणगीच्या वेळी करंट तोडणारा इग्नायटर तिथला करंट तोडतो तेव्हा त्या टोकावर काही शे व्होल्टची उसळी येते. मल्टिमीटर ६०० व्होल्टपर्यंत सोसणारा हवा आणि बोटं प्रोबच्या कडीमागे. ऑसिलोस्कोप थेट लावू नये. दहापट किंवा शंभरपट भागणारा प्रोब हवाच.

या इंजिनात दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होतात आणि एकाच कॉइलमधून दोन्ही प्लगना दर फेरीला ठिणगी जाते. म्हणजे एका फेरीला एक ठोका. आरपीएम भागिले ६० केलं की हर्ट्झ मिळतात: १२०० ला २०, ३००० ला ५०. मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवून प्रोब मीटरच्या सिग्नल पिनमागे खोचला आणि गाडी गरम होऊ दिली. पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला, थोड्या वेळाने काटा धपकन शून्यावर आला. मल्टिमीटरवर ५०. प्लस १३.६, अर्थ ०.०४.

तिन्ही तारा बरोबर, तरी काटा आडवा. म्हणजे आता खरोखर मीटर उघडायचा.

मीटर टेबलावर घेतला. सिग्नल द्यायला आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाने ५० हर्ट्झ काढले, पण त्याच्या पाच व्होल्टला हा काटा ढुंकून बघत नाही. त्याला उसळीची सवय. मग एक ट्रान्झिस्टर लावून त्याने साध्या रिलेची कॉइल चालू-बंद केली, आणि एरवी उसळी दाबण्यासाठी लावतात तो डायोड मुद्दाम वगळला. ट्रान्झिस्टर मात्र काही शे व्होल्ट सोसणारा घेतला. ५० हर्ट्झला काटा ३००० वर, १०० ला ६००० वर. काटा आणि त्याची सर्किट मुळात शाबूत.

हेअर ड्रायरने मागची बाजू हलकेच तापवली. काटा पडला. ड्रायर काढला, काही वेळाने उठला. लाकडी पेन्सिलीच्या टोकाने बोर्डावरचा एकेक भाग दाबत गेलो. प्लसच्या स्क्रूपाशी दाबलं की तापलेल्या अवस्थेतही काटा उठतो. भिंगाखाली बघितल्यावर त्या पिनेभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग. स्क्रू आणि तार यांचा भार वर्षानुवर्षं त्या सोल्डरवर, त्यात इंजिनाची थरथर. गार असताना भेग मिटते, तापल्यावर पिन आणि बोर्ड वेगवेगळे फुगतात आणि ती उघडते.

जुनं सोल्डर वेणीने शोषून काढलं, पिन घासली, फ्लक्स लावून नवीन ६०/४० सोल्डर घातलं. भेगेवर नुसतं वितळवून भागवू नये. आतला काळा थर तसाच राहतो आणि भेग परत येते. शेजारच्या दोन पिनाही त्याच वयाच्या, त्याही केल्या. ड्रायरखाली काटा आता हलत नाही.

काटा मात्र हाताने उपटला नाही. तो नुसता दाबून बसवलेला असतो, आणि तो काढण्याच्या नादात नाजूक बेअरिंग वाकतात. बोर्ड मागून दिसत होता, तेवढं पुरे.

२२ जानेवारी, बुधवार

मित्राचा निरोप: "टाकी गच्च भरली तरी काटा पाऊणवर. आधी तर 'एफ'ला टेकायचा. काय केलंस?"

अर्थ दुरुस्त केली, तेच केलं. उचललेली अर्थ काटा वर ढकलत होती. म्हणजे दुसरा कुठलातरी दोष तो खाली खेचत असणार, आणि दोन्ही एकमेकांना सांभाळून घेत होते. त्याला कळवलं की शनिवारी टाकी रिकामी करून आण.

२५ जानेवारी, शनिवार

आधी गेजची परीक्षा. टाकीखालचा सेन्सरचा कपलर सोडवला, चावी चालू केली: काटा 'ई'च्या खाली. गाडीच्या बाजूच्या दोन पिना क्षणभर तारेने जोडल्या: काटा 'एफ'च्या पलीकडे. गेज आणि तारा ठीक. हा प्रयोग टाकीचं झाकण बंद ठेवून, उघड्या हवेत. आणि तार जोडलेली फार वेळ ठेवायची नाही.

सेन्सर बाहेर काढला. पुस्तिकेप्रमाणे पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट सगळ्यात वर असताना ५ ओहम, सगळ्यात खाली ९५. मोजले २२ आणि ११२. मधल्या जागीही, जिथे जिथे हात थांबवला तिथे अपेक्षेपेक्षा १७ जास्त.

हे बघून बरं वाटलं. पट्टी झिजली असती तर आकडे जागोजागी उड्या मारतात, मधेच ओपन दाखवतात. फ्लोट बुडाला असता किंवा त्याचा हात वाकला असता तर आकडे नुसते सरकले असते, ५ ओहम हाताने वर केल्यावर मिळाले असते. सगळीकडे सारखीच भर पडते म्हणजे एक अवरोध वाटेत बसलाय, सरळ मालिकेत. जागा एकच असू शकते: तार आणि पट्टी यांच्यामधला एखादा जोड. एक प्रोब पट्टीच्या टोकावर, दुसरा तारेवर: रिव्हेटच्या बाहेरच्या बाजूला टर्मिनलची पत्री आणि रिव्हेट यांच्यातच ते १७ ओहम. रिव्हेटच्या कडेला गंज, वर्षानुवर्षं पाण्याने धुतल्याचा.

सेन्सर पूर्ण कोरडा करून, दोन तास वाऱ्यावर ठेवून, टाकीपासून लांब नेऊन ते टर्मिनल घासलं आणि रिव्हेटच्या डोक्यावरून पत्रीपर्यंत सोल्डर वाहवलं. हा भाग टाकीच्या बाहेर राहतो, पेट्रोलच्या संपर्कात येत नाही. आता ५.४ आणि ९५.

टाकी भरताना मजा म्हणून दर दोन लिटरला काटा बघितला. फ्रेम जिथून जाते तिथे टाकीचं पोट दोन्हीकडे वाटलेलं असतं, खाली तिची रुंदी वेगळी आणि वर वेगळी, तर फ्लोट फक्त उंची मोजतो. म्हणून वरचा अर्धा काटा रेंगाळतो आणि खालचा भराभर उतरतो. हा दोष नाही, टाकीचा आकार आहे. मित्राला सांगून ठेवलं, नाहीतर पुढचा निरोप त्याचाच आला असता.

२ फेब्रुवारी, रविवार

तो एलईडी इंडिकेटर घेऊन आला, चारही. लावायला हरकत नाही, पण या मीटरवर इंडिकेटरचा दिवा एकच आहे आणि त्याला अर्थच नाही. त्याचं एक टोक डाव्या तारेला, दुसरं उजव्या. डावा चालू असताना करंट या छोट्या बल्बमधून उजव्या तारेत जातो आणि उजव्या २१ वॅटच्या थंड फिलामेंटांतून अर्थला पोचतो. ती फिलामेंटं इतक्या कमी करंटला तापतही नाहीत, नुसती वाट देतात. हुशार रचना आहे, फक्त ती फिलामेंटवर उभी आहे. त्यांच्या जागी एलईडी आले की तोच चिमूटभर करंट त्यांना पेटवायला पुरतो आणि चारही दिवे एकदम लुकलुकतात. मागचे दोनच बदलले असते तर असं झालं नसतं. समोरच्या फिलामेंटनी उजवी तार खाली धरून ठेवली असती.

मीटरच्या मागे दोन डायोड लावले. एकाचं प्लसचं टोक डाव्या तारेला, दुसऱ्याचं उजव्या तारेला, दोघांची पट्टीची टोकं एकत्र बल्बला आणि बल्बचं दुसरं टोक आता अर्थला. इथे तोच १एन४००७ अगदी योग्य, कारण बल्ब जेमतेम पाव अँपिअर घेतो. इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर जुना, लोडच्या भरवशावर चालणारा; एलईडीवर तो धावत सुटला. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला. काही जण प्रत्येक एलईडीला समांतर जाडजूड रेझिस्टर लावून जुना फ्लॅशर फसवतात. वीज वाचवायला एलईडी लावायचे आणि वाचलेली वीज रेझिस्टरमध्ये जाळायची, हे मला पटत नाही. शिवाय ते रेझिस्टर शेजारचं प्लास्टिक वितळवतात.

९ फेब्रुवारी, रविवार

शेवटची शंका तापमानाच्या काट्याची. आधी मध्याच्या वर असायचा, आता मध्याच्या खाली राहतो. "थर्मोस्टॅट उघडा अडकला का?" अडकला असेल तर इंजिन गारच राहील, म्हणून तपासलं.

सेन्सर काढून पाण्याच्या भांड्यात धातूचं टोक बुडवून तापवला, शेजारी थर्मामीटर. ५० अंशांना १५४ ओहम, ८० ला ५२, उकळत्या पाण्यात २७. पुस्तिकेतल्या आकड्यांशी जुळतं. मग मीटरच्या तारेवर सेन्सरऐवजी ५१ ओहमचा रेझिस्टर जोडला: काटा मध्याच्या किंचित खाली. २७ चा जोडला: लाल पट्टीच्या थोडा अलीकडे. गाडी चालवून गरम केली तर काटा ८० अंशांच्या जागी येऊन थांबला आणि उभ्या गाडीत पुढे चढत गेला, पंखा लागला, खाली आला. थर्मोस्टॅटला काही झालेलं नाही. काटा आता खरं सांगतोय, मित्राच्या डोळ्यांना जुनी जागा सवयीची झाली होती. पंखा लागतो ती जागा त्याला दाखवली. त्याच्या पुढे काटा गेला आणि पंखा लागला नाही तर थांबायचं.

इग्निशन स्विचवरचे ०.४ व्होल्ट तसेच ठेवलेत. ते ०.७ च्या वर गेले तर स्विच उघडायचा. मोजायच्या दोन जागा त्याला दाखवल्या आहेत आणि हेडलाइट चालू ठेवूनच मोजायचं, हेही सांगितलंय.